कशापुरता भरवसा? डोमेन-ट्रस्टच्या साहित्याचं एक टीकात्मक वाचन

नेटवर्क सिक्युरिटी किंवा डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये संशोधन करायचं ठरवून तुम्ही पहिले दहा-पंधरा पेपर उघडले असतील, तर एक शब्द तुम्हाला पानोपानी भेटला असेल: ट्रस्ट. दोन गोल काढायचे, एकाला 'ए' म्हणायचं, दुसऱ्याला 'बी', मध्ये एक बाण आणि खाली ओळ: 'ए ट्रस्ट्स बी'. लेखक पुढच्या भागाकडे वळतो, वाचणारेही वळतात. सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपणही तोच बाण काढून मोकळे होतो.

या लेखात मला त्या बाणाची झडती घ्यायची आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. दोन डोमेन्समध्ये ट्रस्ट जोडायचा कसा, यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भरपूर आणि चांगलं लिहिलं गेलं आहे. तो ट्रस्ट नेमका कशापुरता आहे आणि मागे घ्यायचा झाला तर कसा घ्यायचा, हे दोन प्रश्न मात्र बहुतेक वेळा नंतर, कुठेतरी भोक सापडल्यावर विचारले गेले. तुम्ही या विषयात येणार असाल, तर काम करण्यासारखी जागा तिथे आहे.

मुळात गोष्ट काय आहे

डोमेन म्हणजे एकाच वहीत नोंद असलेली माणसं आणि यंत्रं. ही वही डोमेन कंट्रोलरकडे असते. कोणाचं खातं आहे, पासवर्ड काय, कोण कुठल्या गटात, सगळं त्यात. वहीत नाव नाही तर तुम्ही त्या डोमेनसाठी परके.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. एवढं खरं. यापुढचा भाग निव्वळ स्वाध्याय म्हणून वाचा: समजा त्या प्रत्येक नगरपरिषदेचं आपापलं डोमेन होतं. आता विरारच्या कर्मचाऱ्याला वसईच्या सर्व्हरवरची फाइल उघडायची आहे. वसईच्या वहीत त्याचं नाव नाही. मग दोनच मार्ग. एक, त्याला वसईतही खातं द्या, म्हणजे त्याच्याकडे दोन पासवर्ड, आणि तो नोकरी सोडून गेला की दोन ठिकाणी नाव कापायची आठवण कोणीतरी ठेवायची. दुसरा, वसईने विरारला सांगायचं: तुमचा माणूस तुम्ही ओळखा, तुम्ही 'हा आमचा' म्हणालात की आम्ही मानू. हा दुसरा मार्ग म्हणजे ट्रस्ट.

आतली यंत्रणा तशी साधी आहे. केर्बेरॉसमध्ये दोन्ही डोमेन्सचे कंट्रोलर आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात. विरारचा कंट्रोलर आपल्या माणसाला त्या किल्लीने बंद केलेलं एक तिकीट देतो. वसईचा कंट्रोलर ते उघडून पाहतो, आपल्याच किल्लीने उघडलं म्हणजे विरारनेच दिलं असणार असं मानतो, आणि वसईच्या सर्व्हरसाठी नवं तिकीट देतो. पासवर्ड विरारबाहेर गेलाच नाही. ही कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वसई विरारवर ट्रस्ट ठेवते, म्हणजे बाण वसईकडून विरारकडे. पण वापर होतो उलट दिशेने: विरारचा माणूस वसईत येतो. बाण जिकडे जातो तिकडून माणसं येतात. धोकाही तिकडूनच येतो.

भिस्त आणि विश्वासू

इंग्रजी साहित्यात 'ट्रस्टेड' आणि 'ट्रस्टवर्दी' असे दोन शब्द आहेत आणि ते सतत एकमेकांत मिसळतात. रॉस अँडरसन यांनी 'सिक्युरिटी इंजिनिअरिंग' या पुस्तकात हा फरक नीट मांडला आहे: जो बिघडला तर तुमचं सुरक्षेचं धोरण मोडतं तो ट्रस्टेड, आणि जो बिघडणार नाही तो ट्रस्टवर्दी. इंग्रजीत हे समजायला थोडा वेळ लागतो. मराठीत लागू नये, कारण आपल्याकडे दोन वेगळे शब्द रोजच्या वापरात आहेत. 'सगळी भिस्त त्याच्यावर आहे' आणि 'तो विश्वासू आहे' या वाक्यांचा अर्थ एक नाही. भिस्त अनेकदा नाइलाजाने ठेवलेली असते. ज्याच्यावर भिस्त आहे तो विश्वासू असेलच असं नाही; तो बुडाला तर आपण बुडणार, एवढंच ते वाक्य सांगतं.

डोमेन-ट्रस्ट ही भिस्त आहे. 'वसईचा विरारवर ट्रस्ट आहे' याचं खरं भाषांतर असं: 'विरारचा कंट्रोलर कोणाच्या ताब्यात गेला तर वसईचं नुकसान होईल.' हे वाक्य लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: किती नुकसान? बाण काढला की तो येत नाही. माझी पहिली तक्रार हीच आहे. चित्र प्रश्न दडवतं.

आपल्याकडे भिस्तीचा करार करायची जुनी रीत आहे. वसईत सहकारी बँकिंगला शंभराहून जास्त वर्षं झाली. बॅसीन कॅथलिक बँक १९१८ सालची. बँकेत किंवा पतपेढीत कर्ज काढायला गेलात की जामीनदार मागतात. त्या कागदावर काय असतं? कोणासाठी जामीन, कोणत्या कर्जासाठी, किती रकमेपर्यंत. तुमच्या जामीनदाराने आणखी कोणाला मानलं, म्हणून बँक त्या तिसऱ्याला तुमचा जामीनदार धरत नाही. या कसोटीवर आता डोमेन-ट्रस्टचा इतिहास वाचून बघू.

३,१९२ बाणांचं गणित

विंडोज एनटी ४.० मध्ये ट्रस्ट एकतर्फी होता आणि पुढे जात नसे. वसई विरारवर आणि विरार नालासोपाऱ्यावर ट्रस्ट ठेवत असली, तरी वसईचा नालासोपाऱ्याशी काही संबंध नाही. जामिनासारखंच. पण सगळ्यांनी सगळ्यांना ओळखायचं असेल तर हिशेब बघा. चार डोमेन्स असतील तर ४ गुणिले ३, म्हणजे १२ ट्रस्ट. ५३ गावांनाही आपापलं डोमेन दिलं तर एकूण ५७, आणि ५७ गुणिले ५६ म्हणजे ३,१९२. एवढे ट्रस्ट कोण जोडणार, कोण सांभाळणार?

२००० साली आलेल्या विंडोज २००० आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीने यावर उत्तर दिलं: फॉरेस्ट. एका फॉरेस्टमधल्या डोमेन्सचे ट्रस्ट आपोआप दुतर्फी आणि ट्रान्झिटिव्ह, म्हणजे पुढे जाणारे. ५७ डोमेन्सना फक्त ५६ जोडण्या पुरतात, बाकीचं साखळीतून होतं. ३,१९२ वरून ५६. ज्याने कधी सर्व्हर सांभाळला आहे त्याला हा आकडा पाहून हायसं वाटेल, आणि वाटावंही. टीका करताना हे विसरू नका. ट्रान्झिटिव्ह ट्रस्ट कोणाच्या बेफिकिरीतून आला नाही, एका खऱ्या अडचणीतून आला.

पण तारखा जरा शेजारी-शेजारी ठेवून बघा. १९९० साली स्टीव्हन बेलोविन आणि मायकेल मेरिट यांनी केर्बेरॉसच्या मर्यादांवर पेपर लिहिला. त्यातल्या इतर आक्षेपांसोबत एक हा होता: तिकीट अनेक रेल्म्समधून आलं, तर मधल्या रेल्म्सवर किती विसंबायचं हे टोकाच्या सर्व्हरने ठरवायचं कसं? (केर्बेरॉसमध्ये डोमेनला रेल्म म्हणतात.) १९९६ साली केंब्रिजच्या सिक्युरिटी प्रोटोकॉल्स वर्कशॉपमध्ये ब्रूस ख्रिश्चनसन आणि विल्यम हार्बिसन यांनी एक पेपर मांडला. त्याचं शीर्षकच विचारतं की ट्रस्ट ट्रान्झिटिव्ह का नसतो. पेपर छोटा आहे, जरूर वाचा. त्यांच्या म्हणण्यातला आपल्या कामाचा भाग असा: ट्रान्झिटिव्हपणा अनेकदा कोणी ठरवून आणत नाही, आपण ज्या पद्धतीने प्रोटोकॉल मांडतो त्या मांडणीतून तो नकळत आत शिरतो.

आणि चार वर्षांनी जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या डिरेक्टरीने तो डीफॉल्ट केला.

म्हणजे संशोधन बरोबर आणि उद्योग चूक? एवढं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

एक शब्द, दोन कामं

शुद्ध केर्बेरॉसमध्ये विरारचं तिकीट एवढंच म्हणतं: 'हा विरारचा अमुक.' ही ओळख झाली. त्याला काय करू द्यायचं ते वसई ठरवते. विंडोजने तिकिटात आणखी एक कागद जोडला, त्याला पॅक म्हणतात. त्यात त्या माणसाच्या गटांची यादी असते, एसआयडी नावाच्या क्रमांकांच्या रूपात. म्हणजे तिकीट आता म्हणतं: 'हा विरारचा अमुक, आणि तो या या गटांत आहे.' ओळखीसोबत अधिकाराचा दावाही आला. दोन्हीला नाव एकच, ट्रस्ट.

आता विरारच्या ॲडमिननेच त्या यादीत एक क्रमांक घुसडला तर? आणि तो क्रमांक वसईच्या डोमेन ॲडमिन्स गटाचा असेल तर? वसईने विरारला 'तुमचा माणूस तुम्ही ओळखा' म्हटलं होतं. 'आमचे साहेब कोण ते तुम्ही ठरवा' असं म्हटलं नव्हतं. पण यंत्राला हा फरक कोणी शिकवलाच नव्हता. ३० जानेवारी २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने काढलेलं एमएस०२-००१ हे सुरक्षा-पत्रक नेमकं याबद्दल आहे: ट्रस्ट ठेवणारं डोमेन, समोरून आलेले एसआयडी खरोखर समोरच्याच डोमेनचे आहेत का, हे तपासत नव्हतं. हल्ला करायला विरारमध्ये ॲडमिनचे अधिकार हवेत आणि तांत्रिक काम किचकट आहे, हे खरं. पण भिस्तीचा प्रश्न तोच तर असतो: विरारचा ॲडमिनच फिरला तर काय?

उपाय आला एसआयडी फिल्टरिंगचा. सरहद्दीवर यादी तपासा आणि परक्याने आपल्या घरचे क्रमांक सांगितले तर ते गाळून टाका. ही मर्यादा शहाणपणाची आहे. पण ती एनटीच्या काळापासून चालत आलेल्या ट्रस्टला २००२ साली लागली. पुढचे टप्पेही बघा. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये फॉरेस्ट-फॉरेस्टमधला ट्रस्ट आणि सोबत 'सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन' आलं, म्हणजे परक्या माणसाला कुठल्या सर्व्हरपर्यंत येऊ द्यायचं हे नेमून देता येऊ लागलं. २०१८ साली स्पेक्टरऑप्सच्या संशोधकांनी दाखवलं की दुतर्फी ट्रस्ट असेल तर एका फॉरेस्टचा डोमेन कंट्रोलर दुसऱ्या फॉरेस्टमधल्या यंत्राकडे बळेच बोलवून घेता येतो आणि डेलिगेशनच्या सोयीमुळे त्याचं मुख्य तिकीटच हाती लागतं. २०१९ मध्ये अपडेट काढून ती सोय ट्रस्टपलीकडे डीफॉल्टने बंद झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये खुद्द एसआयडी फिल्टरिंगला वळसा घालणारी एक त्रुटी दुरुस्त करावी लागली.

या यादीकडे 'बग्ज होते, दुरुस्त झाले' म्हणून पाहू नका. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे 'कशापुरता?' या प्रश्नाचं उशिरा दिलेलं एक उत्तर आहे. जामिनाच्या कागदावर रकमेची जागा कोरी ठेवून सही घेतली, आणि मग दर काही वर्षांनी एकेक आकडा भरत गेले.

दोन कागदपत्रं, दोन उलट सूचना

आता थोडं बारीक वाचन करू. दोन तांत्रिक दस्तऐवज शेजारी ठेवून कसे वाचायचे, याचा हा नमुना म्हणून बघा.

केर्बेरॉसचं सध्याचं प्रमाण वर्णन म्हणजे २००५ सालचं आरएफसी ४१२० (त्याआधीचं १९९३ चं आरएफसी १५१०). त्यात तिकिटावर 'ट्रान्झिटेड' नावाची जागा आहे. तिकीट मधल्या कुठल्या रेल्म्समधून आलं ते तिथे लिहिलं जातं. एसटीच्या जुन्या तिकिटावर टप्पे असत तसं. आरएफसीचं म्हणणं असं: केडीसीने हा मार्ग तपासला तर तसा झेंडा लावावा, झेंडा नसेल तर सर्व्हरने स्वतः तपासावं किंवा तिकीट नाकारावं.

मायक्रोसॉफ्टने आपल्या केर्बेरॉस-विस्तारांचं एमएस-काइल नावाचं दस्तऐवज प्रसिद्ध केलं आहे. त्यात याच्या बरोबर उलट सूचना आहे: मधली डोमेन्स केडीसीनेही तपासायची नाहीत, सर्व्हरनेही नाहीत, आणि तो झेंडा सर्व्हरने दुर्लक्षित करायचा.

पहिल्या वाचनात 'बघा, सुरक्षाच काढून टाकली' असं म्हणावंसं वाटतं. तिथे थांबलात तर टीका उथळ राहील. उलट सूचनेमागे कारण काय असेल, ते शोधा. मायक्रोसॉफ्टची नंतरची भूमिका अशी आहे की सुरक्षेची खरी सरहद्द डोमेन नाही, फॉरेस्ट आहे. एका फॉरेस्टमधल्या एखाद्या डोमेनचा ॲडमिन फिरला तर तो अख्खं फॉरेस्ट घेऊ शकतो, हे ते मान्यच करतात. मग आतल्या मार्गाची तपासणी करून काय मिळणार? एकाच घरातल्या खोल्यांना कुलपं लावण्यासारखं ते होईल. सरहद्दीवर एसआयडी फिल्टरिंग आहेच.

युक्तिवाद आतून सुसंगत आहे. पण त्याची किंमत बघा. ५७ डोमेन्सपैकी सगळ्यात कमी काळजी घेतलेल्या एका डोमेनची ताकद हीच सगळ्या ५७ ची ताकद झाली. ट्रस्टचा बाण जोडताना जोडणाऱ्याला वाटलं आपण शेजाऱ्याला ओळख दिली; खरं म्हणजे त्याने घर एकत्र केलं. दोन्हीसाठी शब्द तोच, म्हणून निर्णय घेणाऱ्याला आपण कुठला निर्णय घेतोय ते कळत नाही. माझी मुख्य टीका कुठल्या एका कंपनीवर नाही, या शब्दाच्या वापरावर आहे.

आरएफसीलाही सोडायचं कारण नाही. 'सर्व्हरने तपासावं' म्हणजे कोणी? सर्व्हरचं ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने. त्याला पलीकडच्या तिसऱ्या रेल्मचं काय माहीत? बेलोविन-मेरिट यांचा १९९० चा प्रश्न २००५ मध्ये सुटला नाही, फक्त त्याला एक जागा आणि एक झेंडा मिळाला.

बाहेर पडायची वाट

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे, आणि पेपरांत तो सगळ्यात पातळ आहे.

आपल्या महानगरपालिकेचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. गावं आत घेण्यावरून आंदोलनं झाली, २०११ साली राज्य सरकारने २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला, आणि तो प्रश्न न्यायालयात वर्षानुवर्षं राहिला. त्या वादात कोण बरोबर हा इथला विषय नाही. धडा एवढाच घ्या की आत येणं एका अधिसूचनेत होतं. बाहेर पडताना मात्र घरपट्टी, पाण्याची लाइन, कर्मचारी, दप्तर, सगळं सोडवावं लागतं.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत हे शब्दशः खरं आहे. एखादं डोमेन एका फॉरेस्टमधून उचलून दुसऱ्या फॉरेस्टला लावता येत नाही. वेगळं व्हायचं तर नवं फॉरेस्ट उभारायचं आणि माणसं, यंत्रं एकेक करून हलवायची. हलवताना त्यांचे एसआयडी बदलतात. मग जुन्या फाइल्सवरचे त्यांचे अधिकार जातात. ते जाऊ नयेत म्हणून नव्या खात्यावर जुना क्रमांक टाचून ठेवायची सोय आहे, तिला एसआयडी हिस्टरी म्हणतात. पण असा टाचलेला जुना क्रमांक सरहद्दीवर परका ठरतो आणि एसआयडी फिल्टरिंग तो गाळतं. म्हणून स्थलांतर चालू असेपर्यंत फिल्टरिंग सैल करावं लागतं.

हे वर्तुळ पुन्हा एकदा नीट वाचा. विरारवरचा भरवसा उडाला म्हणून वेगळं व्हायचं आहे; आणि वेगळं होता यावं म्हणून, नेमकं त्याच काळात, विरारकडून येणाऱ्या क्रमांकांवरची तपासणी ढिली करायची आहे. स्थलांतर लांबलं तर ती ढिली अवस्थाच कायमची होऊन बसते.

ट्रस्ट जोडण्याच्या प्रोटोकॉलवर पेपर आहेत, सिद्धता आहेत, लॉजिक्स आहेत. ट्रस्ट मागे घेताना मधल्या काळात काय-काय उघडं पडतं, याचं तितकं नेमकं मॉडेल मला माझ्या वाचनात भेटलं नाही. विषय शोधत असाल तर इथे थांबून विचार करा.

तुम्ही रोज वापरता ते दोन ट्रस्ट

सगळीकडे असंच आहे असं नाही. दोन उदाहरणं तुमच्या हाताशीच आहेत.

पहिलं इन्फेड. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेलं हे फेडरेशन. विरार लोकलमध्ये बसून तुम्ही प्रकाशकाच्या साइटवर जाता, आपली संस्था निवडता, पासवर्ड संस्थेच्या पानावर टाकता आणि पेपर उघडतो. प्रकाशकाने तुम्हाला ओळखलं नाही, तुमच्या संस्थेला ओळखलं. हाही दोन डोमेन्समधला ट्रस्टच. पण इथे संस्था जे सांगते त्याला हद्द आहे. शिबोलेथ नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर हे चालतं, त्यात संस्थेच्या दाव्याला तिच्या डोमेनचं नाव चिकटलेलं असतं, आणि फेडरेशनने त्या संस्थेसाठी जी हद्द नोंदवली आहे त्याबाहेरचा दावा गाळता येतो. एक कॉलेज दुसऱ्या कॉलेजच्या नावाने बोलू लागलं तर ते मानायचं नाही. २००२ साली ठिगळ म्हणून आलेली तपासणी इथे रचनेचाच भाग आहे.

दुसरं एज्युरोम, ज्याचं भारतातलं काम अर्नेट इंडिया बघते. दुसऱ्या संस्थेत गेलात तरी आपल्याच खात्याने वाय-फाय. तुमची विनंती रेडियस सर्व्हरांच्या साखळीतून आपल्या संस्थेपर्यंत जाते. म्हणजे ट्रस्ट चक्क पुढे-पुढे जाणारा. तरी धोका आटोक्यात, कारण साखळीतून परत येणारं उत्तर जवळजवळ एवढंच असतं: हो किंवा नाही. आणि सर्टिफिकेट नीट तपासलं जात असेल तर पासवर्ड बंद बोगद्यातून थेट घरच्या संस्थेकडे जातो, मधल्यांना दिसत नाही.

म्हणून 'ट्रान्झिटिव्ह ट्रस्ट वाईट' हा निष्कर्ष काढू नका. साखळी लांब असली तरी चालते, जर साखळीतून वाहणारा दावा लहान आणि नेमका असेल. अर्थात या दोन्ही व्यवस्थांचं काम सोपं आहे: पेपर दाखवायचा, वाय-फाय द्यायचं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीला हजारो फाइल्सचे बारीक-बारीक अधिकार सांभाळायचे असतात. तिला एज्युरोमच्या मापाने मोजणं अन्याय होईल. पण रचना करताना दाव्याची हद्द आधी ठरवता येते, एवढं तर या उदाहरणांनी सिद्ध होतं.

जाता जाता 'झिरो ट्रस्ट'बद्दल. २०२० साली अमेरिकेच्या निस्टने त्यावर ८००-२०७ हे प्रकाशन काढलं आणि तेव्हापासून सिनॉप्सिसमध्ये हा शब्द फारच दिसतो. नावावर जाऊ नका. प्रत्येक विनंती तपासणारं एक धोरण-इंजिन त्यात असतं, आणि सगळी भिस्त त्याच्यावर असते. भिस्त शून्य झालेली नाही, एका जागी गोळा झाली आहे. तो फायदाच असू शकतो, पण मग तसं लिहा.

पुढचा पेपर वाचताना

'ए ट्रस्ट्स बी' दिसलं की समासात चार प्रश्न लिहा.

१. बी बिघडला तर ए चं नेमकं काय जाईल?
२. बी चा कोणता दावा ए मानतो: ओळखीचा, गटाचा, की आणखी कशाचा? आणि बी कोणाबद्दल दावा करू शकतो, फक्त आपल्या माणसांबद्दल की कोणाबद्दलही?
३. हा दावा पुढे जातो का, आणि जात असेल तर मधल्यांना तो बदलता येतो का?
४. उद्या ए ला हा ट्रस्ट तोडायचा असेल तर काय-काय करावं लागेल, आणि तोपर्यंत काय उघडं राहील?

पेपरमध्ये पहिल्या तिघांची उत्तरं अनेकदा शोधून काढावी लागतात. चौथ्याचं बहुधा मिळतच नाही. चांगलं उदाहरण बघायचं असेल तर २००९ च्या एसओएसपी परिषदेतला 'हीट-रे' पेपर काढा. किंवा २०१६ मध्ये आलेलं ब्लडहाउंड हे साधन बघा. दोन्ही ठिकाणी बाण आहेत. ब्लडहाउंडमध्ये तर प्रत्येक बाणावर लिहिलेलं असतं की या जागेवरून त्या जागेचं काय करता येतं. बाणाला नाव दिलं की निम्मं संशोधन सुरू झालं असं समजा.

आणि स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये एक प्रयोग करा. 'ट्रस्ट' हा शब्द जिथे-जिथे आहे तिथे 'भिस्त' घालून वाक्य मोठ्याने वाचा. वाक्य टिकलं तर राहू द्या. 'कशाची भिस्त, कशापुरती?' असा प्रश्न तुमच्याच मनात आला, तर गाईडकडे जाण्याआधी त्याचं उत्तर लिहून काढा. तुमचा रिसर्च क्वेश्चन कदाचित त्याच उत्तरात असेल.